डिगॉक्सिनच्या गोळीतला जिवाणूंचा वाटा

ठाण्यात गोखले रोडवरील औषधाच्या एका दुकानात परवा काउंटरवर पत्रकांचा गठ्ठा ठेवलेला दिसला. शौचाचा नमुना पाठवा, आतड्यातील जिवाणूंची नावे आणि त्यांची टक्केवारी अहवालात मिळेल, आणि तुमचे शरीर कोणत्या औषधाला कसा प्रतिसाद देईल हेही कळेल, असा त्यातील मजकूर होता. आतड्यातील जिवाणू औषधांवर परिणाम करतात, ही गोष्ट पूर्णपणे खरी आहे. २०१९ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी तोंडावाटे घेतली जाणारी २७१ औषधे ७६ प्रकारच्या जिवाणूंसोबत ठेवून पाहिली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश औषधांमध्ये किमान एका जिवाणूने रासायनिक बदल केल्याचे आढळले. मात्र केवळ नावांच्या यादीवरून असे भाकीत करता येत नाही आणि त्याचे कारण समजून घ्यायचे तर डिगॉक्सिन या जुन्या औषधाकडे वळावे लागते.

डिगॉक्सिन हे डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळणाऱ्या औषधांपैकी एक. या वनस्पतीचा औषधी उपयोग विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये सविस्तर मांडला. हृदयाचे ठोके अनियमित व वेगवान झालेल्या, किंवा हृदय क्षीण झालेल्या काही रुग्णांना ते आजही दिले जाते. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर ‘पाव मिलिग्रॅम, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार बंद’ अशी सूचना अनेकदा दिसते. उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असल्यामुळे ही काळजी घेतली जाते. रक्तातील प्रमाण जरा वाढले की मळमळ सुरू होते, दृष्टीला पिवळसर छटा येते आणि ठोक्यांची लय जिवावर बेतेल इतकी बिघडू शकते.

हृदयाच्या स्नायुपेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक प्रथिनांचा पंप असतो. डिगॉक्सिनचा रेणू त्या पंपाच्या खाचेत बसून त्याचे काम मंदावतो. पेशीत सोडियम साचते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जाणे कमी होते आणि स्नायूचे आकुंचन अधिक जोरकस होते. या रेणूच्या एका टोकाला पाच अणूंचे लॅक्टोन वलय असते आणि त्यातील दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो, जो वलयाला सपाट ठेवतो. एगर्थेला लेंटा नावाचा, ऑक्सिजनविना जगणारा जिवाणू नेमक्या याच बंधावर हायड्रोजनचे दोन अणू जोडतो, म्हणजेच त्याचे क्षपण करतो. बंध एकेरी झाला की वलयाचा सपाटपणा जातो, रेणू खाचेत पूर्वीसारखा घट्ट बसत नाही आणि औषध जवळजवळ निष्प्रभ होते. दोन हायड्रोजन अणूंनी एवढा फरक पडावा, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

न्यूयॉर्कमधील जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले, की सुमारे दहा टक्के रुग्णांमध्ये या औषधाचा मोठा हिस्सा असा निष्प्रभ होऊन शरीराबाहेर जातो. अशा व्यक्तींना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन दिल्यावर जिवाणूंचे हे काम थांबले आणि काहींच्या रक्तातील डिगॉक्सिनचे प्रमाण दुपटीपर्यंत वाढले. (एरिथ्रोमायसिनच्या गटातील औषधे, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन, शरीरातून डिगॉक्सिन बाहेर टाकणाऱ्या प्रथिनालाही अडवतात, त्यामुळे धोका दुहेरी असतो.) म्हणूनच डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाने घशाच्या दुखण्यासाठी परस्पर प्रतिजैविक आणून घेणे टाळले पाहिजे. १९८९ च्या एका अभ्यासात तर न्यूयॉर्ककरांच्या तुलनेत दक्षिण भारतीयांमध्ये हे क्षपण करणारे लोक कमी आढळले, आणि भारतातही खेड्यांपेक्षा शहरांत ते अधिक होते.

मग अहवालात एगर्थेला लेंटाचे नाव दिसले की निदान झाले का? २०१३ मध्ये पीटर टर्नबॉ यांच्या गटाने या जिवाणूतील सीजीआर-१ आणि सीजीआर-२ ही दोन जनुके शोधली, जी डिगॉक्सिन समोर येताच शंभरपटीहून अधिक जोमाने कामाला लागतात. त्याच जातीच्या काही वाणांमध्ये ही जनुके मुळात नसतात, आणि असे वाण औषधाला हातही लावत नाहीत. शिवाय जनुक असूनही आर्जिनिन हे अमिनो आम्ल मुबलक असेल तर ते दबून राहते. प्रथिनयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात डिगॉक्सिन अधिक उरले. तेव्हा जातीचे नाव आणि टक्केवारी एवढ्यावरून प्रतिसादाचे भाकीत करणारी जाहिरात विज्ञानाच्या पुढे धावते आहे. एरंडेल घेऊन कोठा साफ केला की औषध अधिक लागू पडते, या घरोघरच्या समजुतीलाही आधार नाही, कारण जुलाबाने विस्कटलेली जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांत बहुतांशी पूर्ववत होते.

उलट दिशेचा परिणामही तितकाच खरा आहे. हायडलबर्गच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हजारावर औषधे आतड्यातील ४० जिवाणूंवर तपासली, तेव्हा मानवी पेशींसाठी बनवलेल्या, म्हणजे प्रतिजैविक नसलेल्या, औषधांपैकी २४ टक्क्यांनी किमान एका जिवाणूची वाढ रोखली. आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारख्या गोळ्या जठरातील आम्ल घटवतात आणि तोंडातील जिवाणू जिवंतपणी आतड्यात पोहोचू लागतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या गोळीचा परिणाम तर इतका ठळक आहे, की मधुमेह्यांच्या आतड्यातील जिवाणूंविषयीचे चीन आणि युरोपमधील अभ्यास परस्परांशी जुळत नव्हते, त्यामागे रोगापेक्षा ही गोळीच मोठ्या प्रमाणात कारणीभूत असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. मेटफॉर्मिन न घेणारे रुग्ण वेगळे काढून पाहिल्यावर मधुमेहाची जी खूण उरली, ती ब्युटिरेट हे मेदाम्ल बनवणाऱ्या जिवाणूंच्या कमतरतेची होती.