काडतुसांच्या पेटीवरून घरात आलेली टेप

पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत ताडपत्री आणि सुतळीच्या बंडलांशेजारी चंदेरी डक्ट टेपची रिळं टांगलेली दिसतात. गळका पाइप, फाटलेली ताडपत्री, तडा गेलेली बादली, सगळ्यांवर हाच तात्पुरता इलाज. पण ही टेप घरगुती डागडुजीसाठी निघालीच नव्हती. तिची गरज पडली ती दुसऱ्या महायुद्धात, काडतुसांच्या पेट्या बंद करायला.

आपल्या खडकीत आहे तसाच दारूगोळ्याचा एक कारखाना अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात होता, ग्रीन रिव्हर नावाचा. वेस्टा स्टाउट तिथे कामाला होत्या. आत दमट हवा जाऊ नये म्हणून पेटीवर कागदी पट्टी लावून वर मेणाचा थर देत. उघडायला पट्टीचं एक टोक मोकळं ठेवलेलं असे. ते ओढलं की तेवढंच तुटून हातात येई आणि पेटी बंदच. समोर शत्रू असताना सैनिकाने नखांनी मेण खरवडत बसायचं का? स्टाउटबाईंची स्वतःची दोन मुलं नौदलात होती. त्यांनी कागदाऐवजी मजबूत कापडी पट्टी सुचवली. वरिष्ठ हलेनात, तेव्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये बाईंनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, सोबत आकृत्या काढून. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना पुढचं खरं वाटणार नाही, पण पत्र योग्य टेबलावर पोचलं, सूचना मंजूर झाली आणि काम जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेलं. जखमेवरच्या चिकटपट्ट्या बनवण्यात ती कंपनी आधीच मुरलेली होती.

टेपचा तुकडा फाडून त्याची कड निरखून पाहा. वर पॉलिथिनचा थर, मधे सुताची विरळ जाळी, खाली रबरी चिकट. ताण जाळी सोसते, पाणी पॉलिथिन अडवतं, आणि कात्री नसली तरी टेप हाताने सरळ फाटते. खळ किंवा डिंक वाळल्यावर धरतो. हा चिकट वाळावा लागत नाही, दाबाने धरतो. म्हणून टेप नुसती टेकवून भागत नाही, अंगठ्याने रगडावी लागते.

युद्धानंतर गरम-गार हवेच्या पत्र्याच्या नळ्यांवर, म्हणजे डक्टवर, ती लागू लागली, आणि लष्करी हिरव्याची चंदेरी झाली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी तिच्याच मदतीने हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल तोंडाच्या यंत्रणेला जोडले आणि यानातली हवा श्वास घेण्याजोगी ठेवली. गंमत म्हणजे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने हवेच्या नळ्यांच्या सांध्यांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा नापास झाली ती हीच कापडी टेप. उष्णतेपुढे रबरी चिकट टिकत नाही.

पुण्यातल्या गच्चीवर एप्रिल-मेच्या उन्हात हेच होतं: टाकीच्या पाइपवरची टेप सुटते आणि मागे चिकट राड उरते. ती खोबरेल तेल चोळून निघते. पावसाळ्यात अडचण उलटी, ओल्या पाइपवर टेप धरतच नाही. आधी कॉक बंद करा, पाइप कोरडा पुसा, मग ताणून दोन-तीन वेढे द्या. तेही प्लंबर येईपर्यंतच. विजेच्या वायरला वेगळी काळी इन्सुलेशन टेप मिळते, तीच घ्या. गॅसच्या नळीला मात्र कुठलीच टेप नको, नळीच बदला.