एम प्रवाह आणि फिटवरचे येऊ घातलेले औषध

फिट कायमची बरी करणारी गोळी निघाली असून ती दिवसातून एकदाच घ्यावी लागते, अशा अर्थाचा एक मजकूर सध्या सोलापुरात मोबाइलवरून फिरतो आहे आणि नवी पेठेतल्या औषध दुकानांत त्याची चौकशीही होऊ लागली आहे. हा मजकूर निखालस खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या मुळाशी एक खरे औषध आहे. त्याचे नाव अझेटुकॅल्नर. कॅनडातील झेनॉन या कंपनीने ते विकसित केले असून मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ते पोहोचलेले आहे. ते अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, ‘बरा’ करत नाही, झटके कमी करते. मात्र ज्या मार्गाने करते, तो मार्ग प्रचलित गोळ्यांहून वेगळा आहे आणि खरे कुतूहल त्याचेच आहे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. १९१२ साली फेनोबार्बिटालचा उपयोग लक्षात आल्यापासून आजवर वीसहून अधिक औषधे आली, तरीही जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांचे झटके पूर्णपणे थांबत नाहीत. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही नेहमीची औषधे चेतापेशीतील सोडियमच्या वाहिन्यांना, म्हणजे सोडियम ज्यांतून आत येतो त्या पेशीपटलातील सूक्ष्म दारांना, अटकाव करतात, म्हणजे पेशीला उत्तेजित करणारी वाटच अरुंद करतात. अझेटुकॅल्नर उलट बाजूने काम करते. पेशीला शांत करणारी जी व्यवस्था पेशीतच आहे, ती अधिक तत्पर करणे हा त्याचा मार्ग होय.

ही व्यवस्था समजून घेण्यासाठी थोडी विजेची भाषा लागेल. विश्रांत अवस्थेत चेतापेशीच्या आतील विद्युत विभव बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते. शेजारच्या पेशींकडून संदेश येतात तसे ते शून्याच्या दिशेने चढते, आणि उणे ५० च्या आसपास पोहोचले की सोडियमच्या वाहिन्या एकदम उघडून पेशी एक स्पंद पाठवते. मात्र त्याआधीच, उणे ६० च्या सुमारास, पोटॅशियमच्या काही विशिष्ट वाहिन्या उघडू लागतात. पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्यामुळे तो बाहेर पडतो, आपल्याबरोबर धन प्रभार नेतो आणि चढलेले विभव पुन्हा खाली आणतो. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात घरोघरी छतावर टाक्या आहेत; त्यांच्या काठाखाली जादा पाणी वाहून जाण्यासाठी जी नळी बसवलेली असते, तेच काम या वाहिन्या करतात. औषध काय करते, तर ही नळी टाकीच्या भिंतीत आणखी खाली बसवते: वाहिन्या पूर्वीपेक्षा कमी विभवालाच उघडतात आणि पातळी काठापर्यंत पोहोचणे अवघड होते.

या पोटॅशियम प्रवाहाला ‘एम प्रवाह’ म्हणतात. डेव्हिड ब्राउन आणि पॉल अ‍ॅडम्स यांनी १९८० मध्ये बेडकाच्या चेतापेशींत त्याची नोंद केली. त्याची सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे त्याचा संथपणा. सोडियमच्या वाहिन्या एक मिलिसेकंदही न लागता उघडतात, तर एम वाहिन्यांना त्यासाठी दहा-वीस नव्हे, कधी शंभर मिलिसेकंदही लागतात. पण एकदा उघडल्या की विभव चढलेले असेपर्यंत त्या आपणहून मिटत नाहीत. त्यामुळे एखादा स्पंद निर्माण होताना त्या आडव्या येत नाहीत, मात्र एकामागून एक स्पंदांची माळ लागू लागली की प्रवाह साठत जातो आणि माळ तोडतो. विचार, हालचाल, स्मरण यांसाठी लागणारे सुटे संदेश चालू राहावेत, आणि झटक्याच्या वेळी हजारो पेशी ज्या बेभान लयीने एकत्र स्पंदू लागतात ती लय मात्र जमू नये, याहून नेमका लगाम कल्पिणे कठीण आहे. शिवाय या वाहिन्यांची दाटी चेतातंतूच्या अगदी सुरुवातीच्या भागात असते आणि स्पंद जन्मतो तोही तेथेच. वाहिनी उघडी राहण्यासाठी पेशीपटलातील पिप-टू नावाचा मेद रेणू आवश्यक असतो. अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाने पेशीवरील मस्कॅरिनिक नावाचे ग्राहक रेणू चेतवले की तो रेणू खर्ची पडतो, वाहिनी मिटते आणि पेशी अधिक सजग होते. म्हणजे मेंदू हा लगाम गरजेनुसार स्वतःच सैल करत असतो.

ही वाहिनी घडवणारी केसीएनक्यू-२ आणि केसीएनक्यू-३ ही जनुके १९९८ मध्ये सापडली, तीही अशा कुटुंबांत जेथे या जनुकांत बिघाड होता आणि जन्मल्यानंतर काही दिवसांतच बाळांना झटके येत आणि बहुधा पुढे आपोआप थांबत. लगाम सैल झाला की झटके येतात, याचा याहून थेट पुरावा निसर्गाकडून मिळणे अवघड होते.

या वाहिनीवर काम करणारे अपस्मारावरचे पहिले औषध, इझोगाबिन, अमेरिकेत २०११ साली मंजूर झाले. वाहिनीच्या रचनेत विशिष्ट जागी असलेल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाशी त्याचा संबंध येतो. हृदयातील केसीएनक्यू-१ या भावंड वाहिनीत त्या जागी ट्रिप्टोफॅन नाही, म्हणून हृदयाच्या ठोक्यांशी निगडित ती वाहिनी औषधाच्या तावडीतून सुटते. एका अमिनो आम्लाच्या फरकावर एवढे अवलंबून असावे, हे मला दरवेळी थक्क करते. मात्र मूत्राशयात याच कुळातील वाहिन्या असल्याने काहींना लघवी अडण्याचा त्रास झाला, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांची त्वचा, ओठ व नखे निळसर होऊ लागली. डोळ्यांच्या पडद्यावरही रंगद्रव्य साचले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये औषध बाजारातून गेले. शरीरात इझोगाबिनचे रेणू जोडीने बांधले जाऊन रंगीत संयुगे होत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अझेटुकॅल्नरचा रेणू अशी जोडी होऊ नये या बेताने रचलेला आहे.

दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३२५ प्रौढ रुग्ण होते. मेंदूच्या एका भागातून सुरू होणारे झटके त्यांना इतर गोळ्या चालू असतानाही येत होते. आठ आठवड्यांत, दररोज २५ मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात मासिक झटक्यांतील घट मध्यकाने ५२.८ टक्के होती. चक्कर, गुंगी आणि थकवा हे दुष्परिणाम प्रामुख्याने दिसले. मध्यक याचा अर्थ त्या गटातील निम्म्या रुग्णांना यापेक्षा कमी लाभ झाला, हे फिरत्या मजकुरात अर्थातच नाही.

त्याच चाचणीत औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे झटकेही मध्यकाने १८.२ टक्क्यांनी घटले. झटक्यांचे प्रमाण मुळातच कमीजास्त होत असते. ते सर्वाधिक झाले की माणूस उपाय शोधू लागतो आणि त्यानंतर बहुधा उतारच येतो. देवऋषीच्या अंगाऱ्याला जो ‘गुण’ येतो, त्याचा बराचसा हिशेब येथे लागतो. चालू झटक्यात नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणाऱ्यांचेही तसेच आहे: बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपणच थांबतात आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांनंतरही झटका थांबला नाही, तर मात्र रुग्णालय गाठण्यात एक मिनिटही दवडू नये.

इझोगाबिनचा निळेपणा बहुतेकांत काही वर्षांच्या वापरानंतर दिसला होता, त्यामुळे आठ आठवड्यांची चाचणी नव्या रेणूला त्या बाबतीत निर्दोष ठरवू शकत नाही. त्यासाठी चाचणी संपल्यावरही औषध चालू ठेवलेल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहाव्या लागतात. तोवर नव्या गोळीच्या आशेने सध्याच्या गोळ्या थांबवणे धोक्याचे आहे, कारण त्या अचानक बंद केल्यास एकामागून एक, न थांबणारे झटके येऊ शकतात आणि ते प्राणघातक ठरू शकतात.