बेसबॉल: मैदानावरची गर्दी आणि चाहत्यांची निष्ठा

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत एखादा संघ दोन-तीन हंगाम सलग हरत राहिला आणि मैदानातील खुर्च्या ओस पडू लागल्या, की शहराने संघाकडे पाठ फिरवली असे लगेच बोलले जाते. या बोलण्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. प्रेक्षकसंख्या म्हणजे किती तिकिटे खपली याचा हिशेब, तर निष्ठा म्हणजे संघ हरत असतानाही तो आपलाच आहे असे मानणाऱ्या लोकांचे त्याच्याशी असलेले नाते. पराभवांचा परिणाम दोन्हींवर होतो, पण त्याची गती वेगळी असते आणि बऱ्याचदा कारणेही वेगळी असतात.

आधी आकड्याचे पाहू. जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या ही विकलेल्या तिकिटांची असते, प्रत्यक्ष आत आलेल्या माणसांची नव्हे. मेजर लीगमधील संघ अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन गटांत विभागलेले आहेत; त्यांपैकी नॅशनल लीगनेही १९९३ पासून हीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे तिकीट काढून घरी बसलेला माणूसही या आकड्यात येतो आणि प्रत्येक सामना घरून पाहणारा कट्टर चाहता मात्र त्यात येत नाही. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर. एवढ्या सामन्यांची हंगामी तिकिटे बऱ्याच अंशी हिवाळ्यातच, म्हणजे मागच्या हंगामाची आठवण ताजी असताना विकली जातात. म्हणूनच वाईट हंगामाचा पुरता फटका अनेकदा त्या वर्षी नव्हे, तर पुढच्या वर्षी बसतो.

पिट्सबर्ग पायरेट्सचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले. २००१ मध्ये त्यांचे पीएनसी पार्क हे नवे मैदान सुरू झाले. त्या वर्षी संघ १०० सामने हरला, तरी जवळजवळ २४ लाख ६० हजार तिकिटे खपली. पुढच्या वर्षी संघाने आधीपेक्षा १० सामने जास्त जिंकले आणि प्रेक्षकसंख्या मात्र १८ लाखांच्या खाली आली. खेळ सुधारला आणि गर्दी घटली, असे हे उलटे चित्र दिसते. पहिल्या वर्षीची गर्दी नव्या मैदानाची होती आणि तिला निष्ठा म्हणणे जितके चूक, तितकेच दुसऱ्या वर्षीच्या घसरणीला निष्ठेचा ऱ्हास म्हणणेही चूक ठरले असते.

निष्ठा दिसली ती १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री. १९९२ नंतर प्रथमच पायरेट्स बाद फेरीचा सामना खेळत होते, समोर सिनसिनाटी रेड्स होते आणि सुमारे ३८ हजार आसनांच्या मैदानात ४० हजारांहून अधिक प्रेक्षक, बरेचसे काळ्या कपड्यांत, दाटीवाटीने उभे होते. दुसऱ्या डावात ते रेड्सचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जॉनी क्वेटो याचे नाव लांबवून, एका सुरात ओरडू लागले. क्वेटोच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला आणि त्यानंतरच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला. २० वर्षे हरलेल्या संघाचे चाहते संपले असते, तर ती रात्र तशी झालीच नसती. त्यांच्यातले पुष्कळजण मधली वर्षे मैदानावर क्वचितच आले असतील; पण न येणे म्हणजे सोडून जाणे नव्हे, हे त्या शहराने दाखवून दिले.

उलट बाजूही आहे. न्यूयॉर्क मेट्स हा संघ १९६२ मध्ये जन्मला आणि पहिल्याच हंगामात १२० सामने हरला. डॉजर्स आणि जायंट्स हे दोन संघ १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेल्याने शहरात नॅशनल लीगचा संघच उरला नव्हता, आणि त्या पोरक्या झालेल्या चाहत्यांनी या हरणाऱ्या संघाला उराशी धरले. १९६४ मध्ये मेट्स १०९ सामने हरले, तर त्याच शहरातील यांकीज अमेरिकन लीगचे विजेते ठरले. तरीही मेट्सना १७ लाखांहून अधिक आणि यांकीजना सुमारे १३ लाख प्रेक्षक लाभले. मेट्सचे नवे मैदान शे स्टेडियम त्याच वर्षी सुरू झाले होते, याचा वाटा अर्थातच मोठा होता. तरी १९६३ मध्ये जुन्या पोलो ग्राउंड्सवर १११ सामने हरत असतानाही त्यांनी १० लाखांचा आकडा ओलांडला होता, हे विसरता येत नाही.

शिकागो कब्जच्या बाबतीत एकाच संघाचे, एकाच मैदानावरचे दोन आकडे शेजारी ठेवता येतात. १९६६ मध्ये ते १०३ सामने हरले आणि सप्टेंबरमधील एका सामन्याला रिगली फील्डवर अवघे ५३० प्रेक्षक होते. २००६ मध्ये ते ९६ सामने हरले आणि वर्षभरात ३१ लाखांहून अधिक तिकिटे खपली. चाळीस वर्षांत निष्ठा इतक्या पटींनी वाढली असे कोणी म्हणणार नाही. दरम्यान टीव्हीवरील प्रक्षेपणाने संघ देशभर पोहोचला होता आणि वेलींनी झाकलेल्या भिंतींचे ते जुने मैदान स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ झाले होते.

मग निष्ठा तुटते कशाने? माझ्या मते पराभवापेक्षा विश्वासघाताने. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिज ही विजेतेपदाची अंतिम मालिका रद्द झाली, आणि १९९५ मध्ये सामन्यागणिक सरासरी प्रेक्षकसंख्या सुमारे २० टक्क्यांनी घसरली. संपूर्ण लीगचा विचार केला तर जय आणि पराजय नेहमी समसमानच असतात, त्यामुळे या घसरणीचे खापर हरण्यावर फोडताच येत नाही.

ओकलंडच्या ॲथलेटिक्स संघाच्या बाबतीत हे अधिक स्पष्टपणे दिसले. चांगले खेळाडू दुसरीकडे पाठवले गेले, संघ लास व्हेगसला नेण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि २०२२ मध्ये हंगामाची प्रेक्षकसंख्या ८ लाखांच्याही खाली गेली. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी ठरवून मैदान भरण्याचे आवाहन केले आणि एका कमालीच्या दुबळ्या संघासाठी २७,७५९ लोक आले. त्यांच्या हिरव्या टी-शर्टवर ‘विका’ या अर्थाचा एकच शब्द होता, मालक जॉन फिशर यांना उद्देशून. हे लोक आधीच्या रिकाम्या खुर्च्यांमधूनही तेच सांगत होते. कमी तिकीटविक्री हा शहराला संघ नको असल्याचा पुरावा मानणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, जो आधुनिक काळातील उच्चांक आहे, आणि त्यांची प्रेक्षकसंख्या १४ लाखांच्या आत राहिली. २००५ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकल्यानंतरच्या वर्षी हाच आकडा साडेएकोणतीस लाखांवर गेला होता. या फरकावरून तिकीट खिडकीवर काय झाले ते कळते. दक्षिण शिकागोतील घराघरांत या संघाचे काय स्थान उरले आहे, ते मात्र संघ पुन्हा जिंकू लागेल तेव्हा खुर्च्या किती लवकर भरतात यावरूनच ठरवता येईल.