खरी कमाई : सहीच्या कार्डापासून भेळेच्या स्टॉलपर्यंत

शाळेच्या मैदानावर भेळ, आप्पे, सरबत विकणारी स्काऊट-गाईडची मुलं आता इतकी ओळखीची झाली आहेत की ‘खरी कमाई’ म्हणजे खाऊगल्लीच, असं नव्या शिक्षकांनाही वाटतं. मुळात हा स्काऊट-गाईडच्या मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याचा उपक्रम; त्याच्या नावातला जोर ‘कमाई’वर नव्हता, ‘खरी’वर होता.

जुना इतिहास थोडक्यात. १९०९ साली बंगळूरला स्काऊट पथक निघालं ते गोऱ्या मुलांसाठी. देशी मुलांना मज्जाव असल्यामुळे पुढच्या दशकात मद्रास आणि अलाहाबादकडे वेगळ्या संघटना उभ्या राहिल्या. १९३७ च्या भारतभेटीनंतर खुद्द चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्यावर शेरे मारले आणि इथे राजीनाम्यांचं सत्र सुरू झालं. चारित्र्य घडवणारी चळवळ चारित्र्यावरूनच फुटली! या संघटनांचं एकीकरण झालं ७ नोव्हेंबर १९५० ला, गाईड, म्हणजे मुलींची संघटना, त्यात आली पुढच्या वर्षी.

ब्रिटनमध्ये १९४९ पासून स्काऊट एका शिलिंगला एक काम करत दारोदार जात. आपली खरी कमाई त्याच जातकुळीतली. सायकल पुसायची, गहू निवडायचे, बूट पॉलिश करायचे, मिळतील ते पैसे कार्डावर लिहून घरमालकाची सही घ्यायची. खोटी सही करणं अगदी सोपं होतं. पण स्काऊटचा पहिलाच नियम विश्वासार्हतेचा, त्यामुळे सही खरी की खोटी याची तपासणी अशी नसायचीच. आमच्या पथकातल्या एकाला शेजारच्या आजींनी काम न सांगताच रुपया दिला. सरांनी कार्ड बघितलं, कामाचा रकाना रिकामा. “जा, काम करून ये.” पोरगा परत गेला, माळ्यावरची दोन पिंपं घासली आणि मग कुठे सही झाली. अनोळखी दारात उभं राहून “काही काम आहे का?” विचारताना घशाला पडणारी कोरड हाच त्यातला खरा धडा होता, असं मला अजूनही वाटतं.

मग स्टॉल आले. कारणं खोटी नव्हती. मुलं कोणाच्या घरात जातात याची पालकांना धास्ती, सोसायट्यांच्या फाटकावर वॉचमन, त्यात दहावीच्या सवलतीच्या गुणांमुळे स्काऊट-गाईड पुरस्कारांसाठी लागणाऱ्या नोंदींच्या वह्या भरण्याची घाई. मैदानावर सगळं डोळ्यांसमोर राहतं, आणि मुलं सुट्टे पैसे, नफा-तोटा शिकतात हेही खरं. पण पहाटे उठून बटाटे आई उकडते, सामान बाबा आणतात, गिऱ्हाईक म्हणजे वर्गातलीच पोरं. मग कमाई नेमकी कोणाची? सामानाचा खर्च वजा न करता गल्ल्यातली सगळी रक्कम ‘कमाई’ म्हणून फळ्यावर लिहिलेली मी स्वतः पाहिली आहे.

काही शिक्षकांनी यावर आपापल्या परीने तोडगा काढलाय : पदार्थ बिनचुलीचे, मुलांनी शाळेतच केलेले, आणि कांदा चिरायलाही मोठ्यांनी हात लावायचा नाही. त्यांच्याकडची भेळ कधी तिखटजाळ, कधी अगदीच गिच्च असते. तरी संपते.