हिमालयाच्या आधीचं मीठ

गुलाबी मिठाच्या पाकिटावर बहुतेक वेळा एखादं हिमशिखर छापलेलं असतं. ज्या डोंगरातून हे मीठ निघतं, तिथे मात्र उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाकिस्तानी पंजाबच्या झेलम जिल्ह्यात, पिंड दादन खान तालुक्यात खेवडा नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची तीनशे मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी. गावामागे झेलम आणि सिंधू या नद्यांच्या मधली एक बुटकी, उघडीबोडकी डोंगररांग उभी आहे. तिचं नावच ‘सॉल्ट रेंज’. ‘हिमालयन पिंक सॉल्ट’ म्हणून जगभर विकलं जाणारं बहुतेक मीठ या रांगेतलं असतं, आणि उपासाला आपण वापरतो ते सैंधव किंवा शेंदेलोणही पिढ्यान्‌पिढ्या इथूनच येत आलंय.

हिमालयाशी या मिठाचं नातं आहे, पण पाकीट सुचवतं त्याच्या उलट्या दिशेचं. भारतीय भूखंड आशियाला धडकून हिमालय उचलला जाऊ लागला तो सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. हे मीठ तेव्हाच पन्नास कोटी वर्षांचं होतं.

ते साचलं तेव्हा भारत, अरबस्तान, इराण हे आजचे भूभाग गोंडवन नावाच्या महाखंडाच्या उत्तर काठाला एकमेकांच्या शेजारी होते. जमिनीवर झाड नव्हतं, पाण्यात मासा नव्हता. या काठावर उथळ, अर्धवट कोंडलेली समुद्रखोरी होती. खुल्या समुद्रातून पाणी आत यायचं, पण कडक उन्हात आत येणाऱ्या पाण्यापेक्षा वाफ होऊन जाणारं पाणी जास्त असायचं. अशा पाण्यातून क्षार ठरलेल्या क्रमानंच खाली बसतात. आधी चुन्याचे क्षार, मग जिप्सम, पाणी मूळच्या साधारण एक-दशांशावर आलं की मीठ, आणि अगदी शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे कडवट क्षार. उरण-पेणच्या मिठागरांत हाच क्रम आजही कामी येतो. पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत खेळवत नेतात, मीठ धरलं की वरचं कडू पाणी काढून टाकतात.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे एक किलोमीटर खोल समुद्र पार आटला, तरी तळाशी जेमतेम पंधरा-सोळा मीटरांचा थर उरेल. खेवड्याला मिठाचे सात जाड थर आहेत आणि त्यांची एकत्र जाडी भरते सुमारे दीडशे मीटर. एकाच वेळी समुद्र आटून एवढं मीठ साचायचं, तर तो दहा किलोमीटर खोल असायला हवा होता. तसा तो नव्हता. पाणी पुन्हापुन्हा येत राहिलं, आटत राहिलं, आणि मधूनमधून लाल चिखलही वाहून आणत राहिलं.

गुलाबी रंग त्या चिखलाचा. मीठ मुळात रंगहीन असतं. स्फटिकांच्या आत आणि मधल्या फटींत अडकलेल्या मातीतलं लोहाचं ऑक्साइड, म्हणजे साध्या शब्दांत गंज, त्याला गुलाबीपासून विटकरीपर्यंत छटा देतं. एकाच खाणीत काचेसारखं पारदर्शक, दुधी, फिकट गुलाबी आणि मांसासारखं लाल, असं सगळं सापडतं. चमचाभर गुलाबी मीठ पेलाभर पाण्यात विरघळवून थोडा वेळ ठेवलं, तर तळाशी तांबूस गाळ बसतो. ज्या रंगासाठी आपण जास्त पैसे मोजले, तो हा गाळ.

नंतर या मिठावर वाळूचे, चुनखडीचे, नदीच्या गाळाचे हजारो मीटर जाडीचे थर चढले, आणि मीठ खाली दडपलं गेलं. दाबाखाली इतर खडक तडकतात, पण मीठ घट्ट काकवीसारखं हळूहळू वाहू लागतं. भारतीय भूखंड आशियाला भिडल्यावर वरचे थर चुरगळत दक्षिणेकडे रेटले गेले, तेव्हा या भागात त्यांच्या पायाशी हे मऊ मीठ होतं. मग सॉल्ट रेंजच्या उत्तरेला असलेल्या पोटवार पठाराचा सगळा प्रदेश, उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटरहून जास्त, या मिठावरून फारसा न मोडता सरकला. जिथे खाली मीठ नाही तिथे डोंगर अरुंद पट्ट्यात उभे चढत गेले, इथे ते सौम्य उतारानं लांबवर पसरले. या सरकत्या पठाराची पुढची कड जिथे वर उचलली गेली ती सॉल्ट रेंज, आणि त्या कडेच्या पायथ्याशी मीठ उजेडात आलं. हिमालयानं मीठ वर आणलं हे खरं, पण हिमालयाला इथवर पोचता आलं तेच मुळी खाली मीठ होतं म्हणून.

या सरकासरकीनं भूवैज्ञानिकांची चांगलीच दमछाक केली. साधा नियम असा की खालचा थर जुना, वरचा नवा. सॉल्ट रेंजमध्ये मिठाच्या वर कँब्रियन काळातले, म्हणजे सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे, ट्रायलोबाइट या कवचधारी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म असलेले खडक आहेत, म्हणजे मीठ त्याहून जुनं असायला हवं. पण प्रदेश जर घसरून एकमेकांवर चढलेला असेल, तर जुना खडक नव्या मिठावर येऊन बसला असण्याचीही शक्यता उरतेच. शिवाय सिंधूपलीकडे कोहाट भागातलं मीठ खरोखरच बरंच अलीकडचं, इओसीन काळातलं, म्हणजे हिमालय उचलला जाऊ लागला त्या सुमाराचं आहे. मग खेवड्याचंही तसंच का नसावं?

१९४०च्या दशकात हा वाद टिपेला पोचला. लखनौचे विख्यात पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी या मिठाचे आणि सोबतच्या खडकांचे नमुने विरघळवून गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्यांना लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि कीटकांचे अवशेष सापडले. कँब्रियन काळात जमिनीवर ना झाडं होती ना कीटक, तेव्हा मीठ इओसीनचंच, असा त्यांचा निष्कर्ष. उलट भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ई. आर. गी यांनी ही रांग पायी पिंजून काढली होती. थरांची प्रत्यक्ष रचना पाहून ते कँब्रियनच्या बाजूनं उभे होते. १९४४ आणि १९४५ साली खास या प्रश्नावर परिसंवाद भरले. एकीकडे सूक्ष्मदर्शक, दुसरीकडे हातोडा आणि नकाशा. दोन्ही बाजूंचे लोक तोलामोलाचे होते. भारतीय विज्ञानातल्या इतक्या उमद्या भांडणाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, याचं मला नवल वाटतं.

शेवटी निकाल गी यांच्या बाजूनं लागला. रांगेच्या दक्षिणेला मैदानात तेलासाठी विहिरी खोदल्या गेल्या. तिथले थर घसरून एकमेकांवर चढलेले नाहीत, आणि तिथेही मीठ कँब्रियन खडकांच्या खालीच मिळालं. पुढे मिठासोबतच्या जिप्सममधल्या गंधकाच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाण मोजता येऊ लागलं. समुद्रातल्या सल्फेटमध्ये जड गंधकाचा वाटा काळानुसार बदलत आलाय, आणि कँब्रियनच्या उंबरठ्यावर तो फार वर चढला होता. खेवड्याचे आकडे त्याच काळाशी जुळतात. साहनींनी पाहिलेले तुकडे खरेच होते, पण ते मिठाच्या वयाचे नव्हते. मीठ पाण्यात विरघळतं, झिरपतं आणि पुन्हा घट्ट होतं. त्या वाटेनं नंतरच्या काळातली धूळ आत शिरायला अडचण नसते.

इथलं मीठ माणसाला कसं सापडलं याची दंतकथा सिकंदराच्या घोड्यांची सांगतात. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाशी लढाई झाली तेव्हा दमलेले घोडे दगड चाटू लागले, असं म्हणे. कथा छान आहे, तेवढंच. भरवशाची नोंद अकबराच्या काळातली आहे. ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या मिठाच्या डोंगराचं वर्णन आहे आणि कारागीर त्या मिठाची तबकं, झाकणं, दिवे ठेवण्याच्या बैठकी बनवतात असंही म्हटलंय. आजकाल दिवाणखान्यात दिसणारा ‘सॉल्ट लॅम्प’ हे नवं फॅड नव्हे तर!

शिखांच्या राज्यात खणणं बेशिस्त होतं. अरुंद, वाकडीतिकडी बिळं असायची. पुरुष मीठ फोडायचे आणि बायका-मुलं ते पाठीवर बाहेर आणायची. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला आणि मिठाचा मक्ताही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे येऊन गेले म्हणून खाणीला मेयोंचं नाव पडलं. १८७२ मध्ये डॉ. वॉर्थ या अभियंत्यानं जमिनीच्या पातळीवर मुख्य बोगदा आखला आणि शिस्तीच्या खाणकामाला सुरुवात झाली. पद्धत तीच आजही चालू आहे: निम्मं मीठ काढायचं, निम्मं खांब म्हणून तसंच सोडायचं. खांब हावरटपणानं कोरले तर वरचा डोंगर खाली बसेल. भोकं पाडून स्फोटाच्या दारूनं मीठ फोडतात आणि ट्रॉलीत भरून बाहेर काढतात. आत वर्षभर अठरा-एकोणीस अंशांचा गारवा असतो, आणि बोगद्यांची एकूण लांबी चाळीस किलोमीटर सांगतात. जुन्या रिकाम्या दालनांत पाणी साचून खाऱ्या पाण्याची तळी झाली आहेत. पर्यटकांसाठी मिठाच्या विटांची एक छोटी मशीदही आहे. खाण पाकिस्तान सरकारच्या खनिज महामंडळाच्या ताब्यात आहे आणि वर्षाला तीन लाख टनांहून जास्त मीठ देते. वारछा आणि कालाबाग इथल्या खाणी वेगळ्याच.

आरोग्याच्या दाव्यांवर मी फार शाई खर्च करणार नाही. चरकसंहितेत मिठांमध्ये सैंधव श्रेष्ठ मानलंय, आणि त्याची चव अनेकांना सौम्य वाटते. पण त्यात ९५ ते ९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. ‘चौऱ्याऐंशी खनिजं’ ही जाहिरात ऐकायला भारदस्त आहे, पण ती खनिजं असतात ती निव्वळ अंशमात्र. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या गुलाबी मिठाच्या ३१ नमुन्यांची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातली खनिजं अंगी लागावीत, तर दिवसाला ३० ग्रॅमहून जास्त मीठ खावं लागेल असं तिच्यात निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ५ ग्रॅम. त्या नमुन्यांपैकी एकात शिसंही मर्यादेपेक्षा जास्त मिळालं. रक्तदाबाच्या रुग्णानं ‘सैंधव चालतं की’ म्हणत हात सैल सोडणं हे तर सरळ धोक्याचं. आणि खनिज मिठात आयोडीन जवळजवळ नसतं. पाकिटावर तसं लिहिलं नसेल, तर रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच बरं.

मिठाचा दिवा हवेत ‘ऋण आयन’ सोडून ती शुद्ध करतो याला पुरावा नाही. तो करतो एवढंच, की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतो आणि पाझरायला लागतो. मुंबई-कोकणात जुलैमध्ये तो कपाटावर ठेवला असेल तर खाली ताटली ठेवा, लाकडाचं नुकसान वाचेल.

आता पुरवठ्याचं. भारतात येणारं सैंधव जवळजवळ सगळं वाघा-अटारीच्या वाटेनं, तेही अखंड ढेकळांच्या रूपात यायचं. दळणं, चाळणं, पाकिटं भरणं इकडे व्हायचं, आणि कमाईचा मोठा वाटाही इकडेच राहायचा. यावरून २०१९ मध्ये पाकिस्तानात समाजमाध्यमांवर मोठा गहजब झाला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत, पुलवामा हल्ल्यानंतर, भारतानं पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २ मे २०२५ रोजी तर तिथून थेट किंवा तिसऱ्या देशामार्गे येणाऱ्या सगळ्याच मालावर बंदी आली. तेव्हा आज दुकानातल्या गुलाबी मिठाचा मूळ देश कोणता, हे पाकीट उलटून वाचण्यात अर्थ आहे. इराणमध्ये हॉर्मुझच्या आसपास साधारण याच वयाचं खनिज मीठ मुबलक आहे.

भारतात खनिज मिठाच्या खाणी आहेत त्या हिमाचलात, मंडी जिल्ह्यातल्या द्रंग आणि गुम्मा इथे. हे मीठ अगदी शब्दशः हिमालयातलं, पण मळकट, काळसर-लाल आणि मातीनं भरलेलं. गुलाबी पाकिटात शोभणारं नव्हे. स्थानिक लोक ते मुख्यतः गुराढोरांना चाटायला ठेवतात. उत्पादनही देशाच्या गरजेपुढे नगण्य.

खेवड्याच्या मिठाचं खरं भावंड आहे ते वाळवंटाखाली. राजस्थानच्या नागौर-गंगानगर खोऱ्यात, बिकानेरच्या आसपास, काही शे मीटर खोलीवर त्याच काळातल्या मिठाचे जाड थर पसरलेले आहेत. तिथे हिमालयाचा रेटा पोचला नाही, म्हणून ते साचले तिथेच, जवळजवळ आडवे पडून राहिले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्या भागात विंधनं घेतली ती मिठासाठी नव्हे. शोध होता पोटॅशचा. समुद्र आटताना सर्वांत शेवटी बसणाऱ्या कडवट क्षारांतलं हे खत भारत जवळजवळ सगळं परदेशातून विकत आणतो. पोटॅश तिथे सापडलंय, पण ते खोलवर आणि मिठात मिसळलेलं आहे. पाणी सोडून ते विरघळवून वर काढावं का आणि ते परवडेल का, याची चाचपणी अजून चालू आहे. त्या खटाटोपात मीठ निघालंच, तर ते जोड-उत्पादन म्हणून निघेल.