चाचण्यांची देवाणघेवाण आणि 'स्किप'चा गुंता : पार्श्वभूमी

एकाच कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर) उभी असलेली फेडोरा, डेबियन, उबुंटू, ओपनसुसे यांसारखी अनेक लिनक्स वितरणे तोच सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) आपापल्या घरी, आपापल्या पद्धतीने पुन्हा पुन्हा तपासत राहतात. हा दुबार खर्च टाळून चाचण्या एकमेकांना वापरायला द्याव्यात, ही सूचना जुनी आहे. ती अर्धवटच अमलात का आली, हे समजून घ्यायचे तर परवान्यांपेक्षा आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांपेक्षाही निकालांच्या शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. कारण चाचणीची फाईल उचलून नेणे सोपे असते, तिने दिलेल्या उत्तराचा अर्थ सोबत नेणे जड जाते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. १९८७ मध्ये पर्ल भाषेची पहिली आवृत्ती आली, तेव्हाच तिच्या चाचण्या 'ओके १', 'ओके २' अशा साध्या ओळी छापत होत्या, आणि पुढे 'टॅप' या नावाने ओळखली गेलेली ही रीत आज पर्लशी काहीही संबंध नसलेल्या कर्नलच्या चाचण्यांतही दिसते. युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमनी कसे वागावे हे ठरवणारे पोसिक्स हे प्रमाणक १९८८ मध्ये आले. त्याचे पालन होते की नाही हे कसे तपासावे, यासाठी १९९१ मध्ये वेगळे प्रमाणक निघाले आणि निकालांचे शब्द ठरले : पास, फेल, अनरिझॉल्व्हड (निकाल ठरवता आला नाही), अनटेस्टेड (तपासलेच नाही), अनसपोर्टेड (ती सोयच नाही). पहिल्या दोन शब्दांनी कोणाला फारसा त्रास दिला नाही. पुढचा सगळा गुंता उरलेल्या तिघांचा आहे.

लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'एलटीपी', २००० मध्ये वर्कस्टेशन बनवणाऱ्या एका कंपनीने खुल्या केलेल्या सुमारे शंभर चाचण्यांपासून सुरू झाला. याच कंपनीच्या कपाटातून 'एक्सएफएसटेस्ट्स' हा दुसरा संचही बाहेर आला. तो एक्सएफएस या एकाच फाईलसिस्टीमसाठी, म्हणजे डिस्कवर फाईली मांडण्याच्या एकाच पद्धतीसाठी, लिहिलेला होता. आज एक्स्ट४, बीटीआरएफएस, ओव्हरले आणि एनएफएस यांवर काम करणारी मंडळी, जी एरवी एकमेकांच्या कोडकडे फिरकतही नाहीत, ती याच संचात चाचण्या भरतात. देवाणघेवाणीचे याहून यशस्वी उदाहरण या क्षेत्रात मला तरी दिसत नाही, आणि ते कोणत्याही बैठकीत ठरवून घडलेले नाही.

ते घडले कसे, हे एक चाचणी उघडून पाहिल्यास कळते. '००१' या शेल स्क्रिप्टशेजारी '००१.आउट' नावाची फाईल असते आणि तिची पहिली ओळ 'क्यूए आउटपुट क्रिएटेड बाय ००१' अशी असते. स्क्रिप्टने छापलेला मजकूर आणि ही फाईल अक्षरशः जुळली तर चाचणी पास. अर्थात प्रत्येकाच्या मशीनवर डिस्क वेगळ्या ठिकाणी माउंट केलेली असते, म्हणून छापण्यापूर्वी मजकूर गाळण्यांतून जातो आणि खऱ्या पाथच्या जागी 'स्क्रॅच_एमएनटी' एवढेच उरते. म्हणजे चाचणी लिहिणाऱ्याला आपल्या घराच्या खुणा पुसूनच ती दुकानात मांडावी लागते. २०१३ च्या सुमारास सरसकट क्रमांकांचा जुना ढीग 'जेनेरिक', 'एक्सएफएस', 'बीटीआरएफएस' अशा डिरेक्टरींत विभागला गेला. क्रमांक तेच राहिले. बदलले ते एवढेच, की कोणती चाचणी सर्वांची आणि कोणती एकाच घरची, हे फाईल न उघडता दिसू लागले.

आता 'स्किप'कडे, म्हणजे चाचणी न चालवता सोडून दिली या निकालाकडे वळू, कारण बाकीच्या ठिकाणी गाडी इथेच अडली. एलटीपीमध्ये चाचणीचा एक्झिट कोड (संपताना ती परत करते तो आकडा) बेरजेच्या पद्धतीने बनतो : ० म्हणजे पास, १ म्हणजे फेल, २ म्हणजे चाचणीच मोडली, ४ म्हणजे वॉर्निंग आणि ३२ म्हणजे 'टीकॉन्फ', अर्थात या मशीनच्या कॉन्फिगरेशनला ही चाचणी लागू नाही. पोसिक्ससाठी स्वतंत्रपणे लिहिलेला ओपन पोसिक्स टेस्ट सूट पुढे एलटीपीच्याच रिपॉझिटरीत येऊन राहिला, पण आपले आकडे घेऊनच आला. त्याच्याकडे २ म्हणजे अनरिझॉल्व्हड, ४ म्हणजे अनसपोर्टेड आणि ५ म्हणजे अनटेस्टेड. एलटीपीच्या बेरजेत ५ चा अर्थ 'फेल आणि शिवाय वॉर्निंग' असा होतो. एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन संचांत 'तपासलेच नाही' आणि 'नापास' यांना एकच आकडा आहे.

कर्नलच्या स्वतःच्या झाडात २०१२ च्या सुमारास 'केसेल्फटेस्ट' नावाची डिरेक्टरी सुरू झाली. तिने स्किपसाठी ४ घेतला आणि अपेक्षित फेलसाठी २. ऑटोमेक या सॉफ्टवेअर बांधणीच्या साधनाच्या जगात स्किप म्हणजे ७७. डेबियनच्या ऑटोपीकेजीटेस्टनेही ७७ स्वीकारला, पण पॅकेजने आधी 'स्किपेबल' असे जाहीर केले असेल तरच. नाहीतर तोच ७७ फेल धरला जातो. शिवाय ऑटोपीकेजीटेस्ट हा चालवणारा प्रोग्रॅम स्वतः ४ परत करतो तेव्हा निदान एक चाचणी फेल झाली, असे समजायचे. तो चालकाचा कोड आहे, चाचणीचा नव्हे, हा भेद कागदावर स्पष्ट आहे. रात्री चालणाऱ्या जॉबच्या स्क्रिप्टमध्ये तो तितकासा स्पष्ट राहत नाही.

आकड्यांचा हा गोंधळ एखादा तक्ता करून मिटवता येतो. त्यामागचा मतभेद तसा मिटत नाही. समजा, चाचणीला लागणारी सोय कर्नल बनवताना बंद ठेवली होती. चाचणी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे सरळ स्किप आहे, कारण तपासायला काही नाही. ज्या वितरणाने ती सोय देण्याचे ग्राहकांना कबूल केले आहे, त्याच्या दृष्टीने ती गायब असणे हाच दोष आहे, आणि स्किप म्हटल्यामुळे तो अहवालाच्या तळाशी दबून जातो. २०१८ पर्यंत केसेल्फटेस्टमधील अनेक चाचण्या तर अशा वेळी चक्क ० परत करत, म्हणजे न चाललेली चाचणी पास म्हणून मोजली जात असे. त्या वर्षी एकामागोमाग एक पॅच येऊन त्यांचा निकाल ४ करण्यात आला. ही दुरुस्ती आवश्यकच होती. फक्त तिने प्रश्न 'पास की स्किप' येथून 'स्किप की फेल' येथे सरकवला, आणि त्याचे उत्तर चाचणीत लिहून ठेवता येत नाही, ते चालवणाऱ्याकडेच असते.

नेटबीएसडी, फ्रीबीएसडी अशा ऑपरेटिंग सिस्टीमच्या बीएसडी घराण्यात गोष्टी अधिक शांतपणे झाल्या. नेटबीएसडीसाठी २००७ मध्ये विद्यार्थ्यांच्या उन्हाळी उपक्रमातून 'एटीएफ' ही चौकट तयार झाली, २००९ च्या ५.० आवृत्तीत ती समाविष्ट झाली, आणि तिच्याच कर्त्याने पुढे 'क्युआ' हा चालक लिहिला. फ्रीबीएसडीने दोन्ही घेतले, आणि नेटबीएसडीच्या चाचण्याही आपल्या सोर्समध्ये वेगळ्या डिरेक्टरीत आणून ठेवल्या. जिथे वागणूक जुळत नाही, तिथे मधे 'इफडेफ'ची (अटीनुसार कोड वगळण्याची) कुंपणे घातली. परवाना सारखाच असल्याने वकिली प्रश्न उद्भवला नाही. उलट एलटीपी जीपीएल या, बदललेला कोडही त्याच अटींवर द्यायला लावणाऱ्या परवान्याखाली असल्याने तो बीएसडीच्या मूळ झाडात येण्याची शक्यता मुळातच कमी होती. फ्रीबीएसडीच्या बाजूला लिहिलेला 'पीजेडीएफएसटेस्ट' मात्र मोकळ्या परवान्यामुळे आणि केवळ पोसिक्सच्या वागणुकीपुरता मर्यादित असल्यामुळे लिनक्सच्या फाईलसिस्टीमवाल्यांनीही बिनदिक्कत उचलला.

माणसाने हाताने करायच्या चाचण्यांत 'टेस्ट केस' या शब्दावरच एकमत नव्हते. फेडोराच्या विकीत वर्णन, पूर्वतयारी, सगळ्या पायऱ्या आणि शेवटी सगळे अपेक्षित निकाल असा साचा होता. उबुंटूमध्ये प्रत्येक कृतीखाली तिचाच निकाल लिहिण्याची रीत होती. एकाचा मजकूर दुसऱ्याकडे न्यायचा तर तो नव्याने लिहावाच लागे. २००९ मध्ये फेडोराच्या विकीने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना घेतल्यावर कायदेशीर अडसर सैल झाला, साच्याचा झाला नाही. पुढे ओपनसुसेसाठी जन्मलेले 'ओपनक्यूए' फेडोरानेही स्वीकारले, पण चाचण्यांच्या रिपॉझिटरी दोन वेगळ्याच राहिल्या. ओपनक्यूए पडद्याचा फोटो 'नीडल' नावाच्या नमुन्याशी जुळवून पाहते. बटणाचा रंग किंवा फाँट बदलला की नमुना निरुपयोगी होतो, आणि दोन वितरणांची इन्स्टॉलर तर मुळातच वेगळी आहेत. यंत्र सामायिक झाले, चाचण्या झाल्या नाहीत.

ऑक्टोबर २०१८ मध्ये एडिनबरो येथे स्वयंचलित चाचणीवर काम करणाऱ्या प्रकल्पांची बैठक भरली. तिच्या आधी सर्वांना प्रश्नावली पाठवून कोण कोणत्या गोष्टीला काय म्हणतो, हे विचारण्यात आले आणि त्यातून शब्दसूची तयार झाली. २०१९ मध्ये कर्नलच्या निकालांचा एक मोठा प्रकल्प एका प्रतिष्ठानाच्या छत्राखाली गेला, आणि चाचण्या एकत्र करण्याऐवजी निकाल एका डेटाबेसमध्ये गोळा करण्याकडे जोर वळला. त्या डेटाबेसच्या आराखड्यात पास, फेल आणि स्किप यांच्याबरोबर 'एरर' हाही शब्द आहे, आणि तो चाचणीच बिघडल्यामुळे कोडबद्दल काहीच सांगता येत नाही, अशा वेळेसाठी राखला आहे. एलटीपीच्या वॉर्निंगसाठी त्यात रकाना नाही; ती कुठे घालायची हे निकाल पाठवणाराच ठरवतो.