कंदिलाचा हिशेब वहीपासून

सौर कंदील करायला घेणारा बहुधा आधी पॅनेल आणतो, मग त्याला शोभेल अशी बॅटरी, आणि एलईडीचा विचार सर्वांत शेवटी. हिशेब उलट्या टोकाने सुरू करायला हवा: उजेड वहीवर पडायला हवा की खोलीभर?

१ वॉटचा चांगला पांढरा एलईडी सुमारे १०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) देतो; मेणबत्ती जेमतेम १२. कंदील १ मीटर उंचीवर टांगला तर बरोबर खाली साधारण ३२ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो, पाऊण मीटरवर ५७ आणि २ मीटरवर फक्त ८. वाचायला निदान ५० तरी हवेत. म्हणजे कंदील २ मीटरवरून पाऊण मीटरवर उतरवून जे साधतं, ते बॅटरी आणि एलईडी दुप्पट करूनही साधणार नाही. टांगायची कडी ही शोभेची वस्तू नव्हे.

आता वीज. एलईडी ०.३२ अँपिअर घेतो. रोज ५ तास म्हणजे १.६ अँपिअर-तास. मधला एखादा दिवस ढगाळ गेला तरी दिवा लागावा म्हणून साठा दुप्पट धरायचा, आणि ३.२ व्होल्ट, ३ अँपिअर-तासांचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल तिथे जवळजवळ नेमका बसतो. शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त पडते खरी, पण ती रोज खोलवर उतरली आणि अर्धवट भरली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि भरण्या-उतरण्याच्या काहीशे फेऱ्यांत ती संपते. फॉस्फेटचा सेल २,००० फेऱ्यांच्या आसपास जातो.

पॅनेल ५ व्होल्टचं, ३ वॉटचं घ्यावं. सेल ३.६ व्होल्टलाच भरतो, मग ५ कशाला? पॅनेलवरचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो. भर उन्हात ते ६० अंशांवर जातं आणि ५ चे ४.२ होतात. रात्री सेलमधली वीज पॅनेलकडे उलटी वाहू नये म्हणून डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतोच; शॉटकी प्रकारचा असेल तर तो ०.३ व्होल्ट खातो (साधा सिलिकॉन डायोड ०.७, इथे तो चालणार नाही). तारेत आणखी ०.२ जातात. उरतात ३.७. जेमतेम पुरतात. प्रवाह मात्र उष्णतेने फारसा घटत नाही: ०.६ अँपिअर, आणि दिवसाचं ऊन ४ तासांच्या भर उन्हाइतकं धरलं तर २.४ अँपिअर-तास. धूळ आणि चुकलेला कोन वजा जाता २ राहतात. खर्च १.६ चा, म्हणून एका ढगाळ दिवसाची तूट भरायला चार दिवस लागतात.

एलईडीला नुसता रोध (रेझिस्टर) लावून भागवण्याचा मोह होतो. सेल ३.३ व्होल्ट, एलईडी ३.० व्होल्ट, मधल्या ०.३ साठी १ ओहम. पण एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज ०.१ ने उतरू शकतो. मग रोधावर ०.४ येतात, प्रवाह एक-तृतीयांशाने वाढतो आणि एलईडी आणखी तापतो. प्रवाह स्थिर ठेवणारं सर्किट घाला, एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा.

सेल २.८ व्होल्टला आला की दिवा बंद करणारं सर्किट हवंच. इथे एक हमखास होणारी चूक: दिवा बंद होऊन भार सुटताच सेलचा व्होल्टेज थोडा वर येतो, सर्किटला वाटतं वीज आली, दिवा पुन्हा लागतो, पुन्हा विझतो. रात्रभर लुकलुक. म्हणून पुन्हा चालू होण्याची पातळी ३.२ च्या वर ठेवावी, किंवा चार्जिंग सुरू झाल्याशिवाय दिवा लागूच देऊ नये.

पॅनेलमधले सगळे सौर सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्यातल्या एकावर जरी वाळत घातलेल्या कपड्याची सावली पडली तरी साऱ्या पॅनेलचा प्रवाह घसरतो. पॅनेल बाहेर, कंदील सावलीत, मध्ये ५ मीटर तार: कंदिलातल्या बॅटरीच्या सेलला ऊन लागू नये म्हणून ही रचना. तार ०.५ चौरस मिलिमीटरची घ्या, ०.२ ची घेतली तर ०.५ व्होल्ट तारेतच जातात आणि दुपारी सेल भरायचा थांबतो.

आणि बरेच कंदील सेलमुळे नाही, तार पेटीत शिरते तिथे तुटून बंद पडतात. आतल्या बाजूला तारेला गाठ मारा, म्हणजे ओढ डाग दिलेल्या (सोल्डरच्या) जोडावर न येता गाठीवर येते.